जुन्या मोटरसायकलींचे वंगण : तेलाचा दर्जा आणि तेलाचा प्रवाह

सिल्वासा हे देशातील वंगणतेल उद्योगाचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. कॅस्ट्रॉल, गल्फ ऑइल, सविता ऑइल, अपार यांसारख्या खासगी कंपन्यांचे, तसेच इंडियन ऑइल व हिंदुस्थान पेट्रोलियम या सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांचे प्रकल्प या परिसरात आहेत. येथे भरलेले डबे देशभरातील दुकानांत पोहोचतात. जुनी बुलेट, येझदी किंवा राजदूत बाळगणारा मालक दुकानात जातो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ‘कोणते तेल घालू?’ असा असतो. ते तेल इंजिनात कोठून निघते, कोणत्या वाटेने जाते आणि कोठे परतते, हा प्रश्न मागून येतो; तोही बहुधा इंजिन जाम झाल्यावर. जुन्या इंजिनांच्या बाबतीत हा क्रम उलटा असायला हवा. उत्तम तेलही पोहोचले नाही, तर ते डब्यात असल्यासारखेच असते.

तेलाचा पडदा

वंगणतेलाची मुख्य कामे चार. एकमेकांवर घासणारे धातू वेगळे ठेवणे, उष्णता वाहून नेणे, काजळी व धातूचा कीस धुऊन काढणे आणि गंजापासून संरक्षण करणे. यांतील पहिले काम कसे होते, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. ब्रिटिश अभियंता ब्यूचँप टॉवर हे १८८३ मध्ये रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी पाडलेल्या भोकातून तेल उलट बाहेर येऊ लागले. भोक बुचाने बंद केले, तर बूचच बाहेर ढकलले गेले. फिरता आस आपल्याबरोबर तेल ओढून घेतो आणि त्या तेलात इतका दाब निर्माण होतो की, संपूर्ण भार त्या पातळ पडद्यावर तोलला जातो, हे त्यातून दिसून आले. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याला गणिती आधार दिला.

हा पडदा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा असतो. तो टिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात : भाग फिरत असणे, तेल पुरेसे दाट असणे आणि तेलाचा पुरवठा अखंड असणे. पहिली गोष्ट इंजिन सुरू होताच मिळते, दुसरी डब्यावर छापलेली असते. तिसरी मात्र इंजिनाच्या रचनेवर आणि देखभालीवर अवलंबून असते.

हातपंपापासून फिरत्या तेलापर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटरसायकलींत तेल फिरत नसे. स्वार ठरावीक अंतराने हातपंपाचा एक दट्ट्या दाबून तेलाची मात्रा इंजिनात सोडी. ते तेल काही जळून जाई, काही गळून रस्त्यावर पडे. चढ लागला की जास्त दट्टे, सपाटीवर कमी, असा हिशेब स्वारालाच ठेवावा लागे. दट्टा विसरला तर पिस्टन अडके, जास्त पडला तर मागे धुराचा लोट आणि काजळलेला प्लग.

त्या काळात एरंडेलाला मोठा मान होता. तापलेल्या धातूला ते घट्ट चिकटून राही आणि पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नसे. त्यामुळे पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांच्या इंजिनांत तेच वापरले गेले. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, ते एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच. एरंडीच्या उत्पादनात भारत आज जगात अग्रेसर आहे आणि शेजारचे गुजरात राज्य देशात. तथापि हौसेखातर जुन्या गाडीत एरंडेल घालणे इष्ट नाही. ते काही काळाने घट्ट राळेसारखे होते, बारीक वाटा बुजवते आणि नेहमीच्या खनिज तेलात नीट मिसळतही नाही.

पुढे तेल वाया न घालवता पुन्हा पुन्हा फिरवण्याच्या यंत्रणा आल्या. त्यांचे दोन प्रकार रूढ झाले. एकात तेल इंजिनाच्या तळाशीच साठते. त्याला ‘वेट सम्प’ म्हणतात. दुसऱ्यात तेल वेगळ्या टाकीत असते. एक पंप ते इंजिनात पाठवतो, तर दुसरा तळाशी जमलेले तेल उपसून टाकीत परत नेतो. तळ कोरडा ठेवणारी म्हणून ही ‘ड्राय सम्प’ यंत्रणा. आजच्या बहुतेक मोटरसायकली पहिल्या प्रकारच्या आहेत. भारतीय रस्त्यांवरची सर्वांत परिचित जुनी मोटरसायकल मात्र दुसऱ्या प्रकारची होती.

बुलेटच्या पोटातील वाट

सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले २ ऑगस्ट १९५४ रोजी. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड आणि मद्रास मोटर्स यांच्या सहकार्यातून भारतात ३५० सीसीच्या बुलेटची जुळणी सुरू झाली. बिडाच्या सिलिंडरचे ते इंजिन किरकोळ बदलांसह अर्धशतकाहून अधिक काळ बनत राहिले. त्यामुळे आज दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या बुलेटमध्ये १९६० ची असो वा १९९५ ची, तेलाची वाट जवळपास एकच आहे.

या इंजिनाची तेलटाकी बाहेरून दिसत नाही. क्रँककेसच्या ओतकामातच, फ्लायव्हीलच्या कप्प्यामागे, ती सामावलेली आहे. तिच्यात सुमारे सव्वादोन लिटर तेल मावते. टाकी इंजिनाला लागूनच असल्याने लांब नळ्या लागत नाहीत आणि तेल लवकर गरम होते.

उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये दोन दट्ट्यांचे पंप असतात. एक पुरवठ्याचा, दुसरा परतीचा. दोन्ही एकाच दांड्यावर चालतात आणि त्या दांड्याला क्रँकशाफ्टच्या टोकावरील मळसूत्री दातांची नट फिरवते. परतीच्या पंपाची क्षमता पुरवठ्याच्या पंपाच्या साधारण दुप्पट ठेवलेली आहे. जितके तेल आत येते, त्याहून अधिक उपसण्याची ताकद असेल, तरच तळ कोरडा राहतो.

पुरवठ्याचे तेल नमद्याच्या फिल्टरमधून गाळून क्रँकशाफ्टच्या पोकळ टोकात शिरते. स्थिर कव्हरमधून फिरत्या शाफ्टमध्ये तेल जाण्याच्या या सांध्यावर बुचाच्या लाकडाचे एक छोटे सील असते. तेथून तेल कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला, म्हणजे ‘बिग एंड’ला, पोहोचते. बाहेरून दिसणाऱ्या बारीक नळ्यांतून रॉकरला तेल मिळते आणि ते खाली झिरपत परत येते. बिग एंडमधून उडालेले थेंब सिलिंडरची भिंत आणि पिस्टन ओले ठेवतात.

जुन्या बुलेटच्या बिग एंडमध्ये गोळ्यांचे किंवा रोलरचे बेअरिंग नसून तरंगता बुश असतो. दोन्ही बाजूंनी तेलाच्या पडद्यावर तोललेली ही कडी टॉवर यांच्या प्रयोगाचे चालते उदाहरण आहे. रोलर बेअरिंग तेल कमी पडले तरी काही काळ तग धरते. तरंगत्या बुशाला ती सवलत नाही. बुचाचे ते सील झिजले, फिल्टर उलटसुलट बसला किंवा पंपाच्या दांड्याचे दात खाल्ले गेले, की पहिला बळी बिग एंडचा जातो.

बुलेटच्या या इंजिनावर तेलाच्या दाबाचा काटा नाही आणि इशारा देणारा दिवाही नाही. पंपाचा दांडा निकामी झाला तर दोन्ही पंप एकदमच थांबतात. टाकीतील तेल तसेच भरलेले दिसते, काडीवर पातळीही बरोबर येते आणि स्वार निर्धास्त असतो. काही किलोमीटरनंतर इंजिनातून ठकठक ऐकू येऊ लागते, तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तेल आहे का, याबरोबरच तेल फिरते आहे का, हे पाहण्याची सवय आवश्यक ठरते. इंजिन संथ चालू असताना रॉकरच्या नळीचा बोल्ट किंचित सैल केला, तर तेथून तेल पाझरताना दिसले पाहिजे. बोल्ट पुन्हा आवळायला विसरू नये.

फिल्टर बदलल्यावर किंवा टायमिंग कव्हर उघडल्यावर दक्षता अधिक लागते. फिल्टरचा कप्पा रिकामा असेल, तर तो भरेपर्यंत बिग एंडला तेल मिळत नाही. जाणते मेकॅनिक कप्पा आधी तेलाने भरतात आणि काही मिनिटे इंजिन मंद गतीने चालवूनच गाडी मालकाच्या हाती देतात. नव्याने बांधलेले इंजिन पहिल्याच किकनंतर जोरात फिरवून पाहण्याची हौस येथे महागात पडते.

उभ्या गाडीचा आजार

जुनी मोटरसायकल चालण्यापेक्षा उभी राहण्यानेच जास्त बिघडते. दादरा-नगर हवेलीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. हौशी मालक या काळात गाडी झाकून ठेवतात. तेवढ्या अवधीत टाकीतील तेल पंपाच्या फटीतून हळूहळू क्रँककेसच्या तळाशी उतरते. पुढे काडी लावून पाहिले, तर टाकी रिकामी वाटते. मालक तिच्यात नवे तेल ओततो. इंजिन सुरू होताच परतीचा पंप तळाचे तेल उपसून टाकीत आणतो, टाकी ओसंडते, श्वासनळीतून तेल बाहेर पडते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. इंजिन ‘तेल खाऊ लागले’ असा समज होऊन विनाकारण रिबोअरचा खर्च होतो.

उपाय सोपा आहे. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीचे तेल मोजण्याआधी इंजिन काही मिनिटे संथ चालवावे, बंद करावे आणि मग काडी पाहावी. तळात फारच तेल उतरले असल्यास तळाचा बोल्ट काढून ते आधी सोडून द्यावे. दोन-तीन दिवसांतच टाकी रिकामी होत असेल, तर पंपाची बैठक झिजली आहे असे समजावे.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाडी जागेवरच पाच मिनिटे चालू करून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण तितकेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातील काही भाग पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये उतरतो. इंजिन पूर्ण तापले तर ते पाणी उडून जाते. अर्धवट तापले तर तेलातच राहते. काढलेले तेल दुधाळ, पिवळसर फेसासारखे दिसले, तर कारण हेच. गाडी चालवायची तर चांगले वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवावी, अन्यथा ताजे तेल भरून तशीच उभी ठेवावी. जुने, आम्ल झालेले तेल इंजिनात ठेवून पावसाळा काढू नये.

पेट्रोलात मिसळलेले वंगण

टू-स्ट्रोक इंजिनांचे गणित निराळे आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची १९६१ पासूनची जावा आणि १९७३ नंतर तिलाच मिळालेले येझदी हे नाव, एस्कॉर्ट्सची राजदूत, बजाजच्या स्कूटर ही सारी या कुळातली. त्यांच्या क्रँककेसमधून पेट्रोल व हवेचे मिश्रणच जाते. त्यामुळे तेथे तेल साठवता येत नाही. वंगण पेट्रोलमध्ये मिसळूनच द्यावे लागते, ते आपले काम करते आणि जळून जाते. एका अर्थी ही आरंभीच्या हातपंपाच्या युगातील रीतच होय.

येथे प्रमाणाला महत्त्व आहे. १:२० म्हणजे एक लिटर पेट्रोलला ५० मिलिलिटर तेल, १:२५ म्हणजे ४०, १:४० म्हणजे २५ आणि १:५० म्हणजे २० मिलिलिटर. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाण मापानेच घ्यावे, अंदाजाने नव्हे. ‘थोडे जास्त घातले तर बरेच’ हा समज चुकीचा आहे. तेल वाढले की त्याच मिश्रणातील पेट्रोल कमी होते, ज्वलन अधिक तापदायक होते आणि सायलेन्सर काजळीने चोंदतो.

दुसरा धोका उतारावर असतो. खानवेलहून दुधनीकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यासारख्या लांब उतारावर स्वार थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये सोडतो. इंजिन वेगाने फिरत राहते, पण पेट्रोल जवळपास बंद झालेले असते आणि पेट्रोलबरोबर येणारे तेलही. पिस्टन कोरडा पडून अडकू शकतो. अधूनमधून थ्रॉटल किंचित उघडून इंजिनाला घोट देण्याची जुन्या स्वारांची सवय याच कारणाने पडलेली आहे.

यामाहाने १९६४ मध्ये ‘ऑटोल्यूब’ ही यंत्रणा आणली. वेगळ्या छोट्या टाकीतले तेल एक पंप इंजिनाच्या गतीनुसार आणि थ्रॉटलच्या उघडझापीनुसार सोडतो. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० आणि १९८५ मध्ये आलेली आरएक्स-१०० यांच्यामुळे भारतीयांना तिची ओळख झाली. पंपाची केबल ताणून सैल झाली असेल, तर थ्रॉटल उघडले तरी तेल त्या मानाने वाढत नाही. पंपावरील खूण आणि केबलची जुळणी वेळोवेळी पाहावी लागते. तेलाची छोटी टाकी पूर्ण रिकामी झाली असेल, तर नळीत शिरलेली हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये. अनेक मालकांनी पंपावरचा विश्वास उडून तो काढून टाकला आणि ते पुन्हा मिश्रणाकडे वळले. त्यांनी प्रत्येक वेळी तेल मोजण्याची जबाबदारी मात्र स्वतःकडे घेतली आहे, हे विसरून चालणार नाही.

टू-स्ट्रोकमध्ये अचानक धूर वाढला, तर दरवेळी दोष मिश्रणाचा नसतो. क्रँकशाफ्टचे क्लचच्या बाजूचे सील फाटले असेल, तर इंजिन शेजारच्या कप्प्यातील तेल ओढून जाळू लागते. गिअरचे तेल घटते आहे का, एवढे पाहिले तरी निदान होते.

डब्यावरची अक्षरे

तेल वाहते याची खात्री झाल्यावर तेलाच्या निवडीचा प्रश्न येतो. तेलाच्या दाटपणाला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात. ‘२०डब्ल्यू-५०’ यातील पहिला आकडा थंडीतील वागणुकीचा, तर दुसरा १०० अंश सेल्सियसला मोजलेल्या श्यानतेचा दर्जा सांगतो. ५० दर्जाच्या तेलाची त्या तापमानाला श्यानता १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते. साध्या तापमानाच्या पाण्याची श्यानता सुमारे एक सेंटिस्टोक असते, यावरून अंदाज यावा. बिडाच्या इंजिनाच्या जुन्या बुलेटसाठी २०डब्ल्यू-५० हे तेल सर्वसाधारणपणे वापरले जाते. आजच्या छोट्या मोटरसायकलींचे १०डब्ल्यू-३० तेल तिच्या सैल जुळणीसाठी फार पातळ ठरते.

मूळ तेलात विविध रसायने मोजून मिसळणे आणि गरम करून एकजीव करणे, हे तेलप्रकल्पांतील मुख्य काम. त्यात मळ धुणारी, काजळी तरंगती ठेवणारी, झीज रोखणारी आणि फेस मोडणारी द्रव्ये असतात. यांतील शेवटचे द्रव्य बुलेटसाठी विशेष महत्त्वाचे आहे. तिचा परतीचा पंप दुप्पट क्षमतेचा असल्याने तेलाबरोबर हवाही ओढतो, आणि फेसाळ तेल पडदा धरू शकत नाही.

‘जेएएसओ एमए’ ही खूण तेल क्लचसह चालणाऱ्या इंजिनासाठी योग्य असल्याचे सांगते. नव्या मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात असतात. जुन्या बुलेटमध्ये मात्र तीन स्वतंत्र कप्पे आहेत. इंजिनाचे तेल निराळे, प्राथमिक साखळी व क्लचच्या कप्प्याचे निराळे, आणि चार गिअरच्या पेटीत दाट तेल व ग्रीस. एका कप्प्यात तेल भरून तिन्ही भागले, असे समजणाऱ्या नव्या मालकांची गिअरपेटी कोरडी राहते. टू-स्ट्रोकसाठी कमी धुराचे, ‘जेएएसओ एफसी’ दर्जाचे टू-टी तेल घ्यावे. फोर-स्ट्रोकचे तेल पेट्रोलात मिसळू नये.

वापरलेल्या तेलाचे काय?

काढलेले इंजिन तेल हा कायद्याच्या दृष्टीने घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या संकलनाची व पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. घरी तेल बदलणाऱ्याने ते बंद डब्यात साठवून गॅरेजमार्फत द्यावे. गटारात ओतलेले तेल शेवटी ओढ्यानाल्यांवाटे दमणगंगेत पोहोचते.

जपणुकीचा हिशेब

केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी देण्याची तरतूद केली. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांतील गाड्यांना वारसा म्हणून दर्जा मिळाला. कागदावरचा दर्जा इंजिनाला मात्र जगवत नाही. या गाड्यांचे मूळ सुटे भाग दुर्मीळ होत आहेत आणि त्यांच्या अंतरंगातील वाटा हाताच्या सवयीने ओळखणारे मेकॅनिकही.

अशा गाडीच्या मालकाने एक छोटी वही ठेवावी. तेल कधी बदलले, कोणते घातले, किती किलोमीटरनंतर किती घटले, काढलेल्या तेलात चकाकणारा कीस होता का, रॉकरला तेल येताना शेवटचे कधी पाहिले, एवढ्याच नोंदी पुरेशा आहेत. ज्या इंजिनावर इशाऱ्याचा दिवा नाही, त्याच्यासाठी ही वहीच दिव्याचे काम करते. गाडी पुढच्या पिढीकडे जाईल, तेव्हा किल्लीबरोबर ती वहीही द्यावी.